स्मोकिंग झोनमधली ॲशट्रे कोण उचलतं?

गोव्यातल्या मोठ्या हॉटेलांत आणि पबमध्ये काचेच्या दाराआड एक खोली असते, दारावर ‘स्मोकिंग झोन’ अशी पाटी. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालणारे केंद्राचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. या खोलीचं वर्णन त्यांत फार बारकाईने केलेलं आहे. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, आतली हवा थेट इमारतीबाहेर फेकणारी यंत्रणा, आणि आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी. २०१७ साली त्यांत आणखी एक अट घातली गेली: या खोलीत कोणतीही सेवा द्यायची नाही. खाणं नाही, पेय नाही, हुक्का तर नाहीच.

अट चांगलीच आहे. पण मग तिथली ॲशट्रे कोण उचलतं? खाली पडलेली थोटकं कोण झाडतं? गिऱ्हाईक आपला ग्लास घेऊन आत गेलं आणि तिथेच ठेवून निघून गेलं, तर तो परत कोण आणतं? रात्री दोन वाजता पब बंद झाल्यावर ती काच कोण पुसतं? या सगळ्याला ‘सेवा’ म्हणायचं की नाही, हे नियमाने सांगितलेलं नाही. ते सांगायचं कोणाला सुचलंच नसावं. आपल्या कायद्याच्या डोळ्यांसमोर दोनच माणसं होती: सिगारेट ओढणारं गिऱ्हाईक आणि तिच्या धुराचा त्रास होणारं शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईक. दोघांच्या मध्ये ट्रे घेऊन फिरणारा तिसरा माणूस त्याला दिसला नाही.

या न दिसण्याला इतिहास आहे. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी धूम्रपानबंदीचा आदेश दिला. त्यात सभागृहं, रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कार्यालयं आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनं होती. हॉटेलं आणि रेस्टॉरंटं त्या यादीत नव्हती. केंद्राच्या २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्यात ती आली खरी, पण येतानाच सवलत घेऊन आली. तीस किंवा अधिक खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा अधिक आसनांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ यांना धूम्रपानाची वेगळी जागा ठेवता येईल. ही तिसाची मर्यादा गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिली तर समजते. मोठ्या जागेत वेगळी खोली काढता येते, लहान जागेत येत नाही. कामगाराच्या बाजूने पाहिली तर तीच मर्यादा उलटी होते. पाच टेबलांच्या खानावळीत घरची दोन माणसं राबत असतात, तिथे पूर्ण बंदी. जिथे पन्नास-शंभर माणसं पगारावर आहेत, तिथे सवलत.

गोव्यासाठी या सवलतीचा अर्थ आणखी वेगळा होतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातलं तंबाखूसेवनाचं सर्वांत कमी प्रमाण गोव्यात आढळलं, प्रौढांमध्ये ९.७ टक्के. देशाची सरासरी २८.६ होती. केंद्राचा कायदा व्हायच्या सहा वर्षं आधी, १९९७ साली, गोवा विधानसभेने धूम्रपान आणि थुंकण्याला बंदी घालणारा स्वतःचा कायदा केला होता. तंबाखूविरोधी काम करणारे डॉक्टर आणि संस्था इथे जुन्या आहेत. एवढं असूनही वर्षाला सुमारे एक कोटी पर्यटक ज्या पंधरा लाखांच्या राज्यात येतात, तिथला हॉटेल कामगार दुसऱ्यांच्या धुरात उभा राहतो. पेडण्याची, सत्तरीची, दोडामार्ग-बांद्याहून रोज ये-जा करणारी, झारखंड-आसाम-नेपाळहून आलेली ही पोरं-पोरी घरी धुराशिवाय राहतात आणि कामावर आल्यावर तो श्वासात घेतात. यातला जो पुढे आजारी पडतो, तो उपचारांना बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात, जातो, नाहीतर गावी परततो. गावी परतला की गोव्याच्या कुठल्याही नोंदीत त्याचा आजार येत नाही.

धुराचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी आता वाद उरलेला नाही. सिगारेट ओढणारा जो धूर आत घेऊन बाहेर सोडतो, तो खोलीतल्या धुराचा लहान भाग असतो. मोठा भाग येतो तो दोन झुरक्यांच्या मध्ये नुसत्या धुमसणाऱ्या टोकाकडून. हा धूर कमी तापमानाला, अर्धवट जळून तयार होतो आणि कुठल्याच फिल्टरमधून जात नाही. दुसऱ्याच्या धुराने कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच पक्कं केलं. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाप्रमाणे न ओढणाऱ्याला घरी किंवा कामावर हा धूर मिळत राहिला, तर हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. सुरक्षित अशी मात्रा नाही, हेही त्याच अहवालात आहे. इथे गिऱ्हाईक आणि कामगार यांच्यातला फरक तासांचा आहे. गिऱ्हाईक दोन तास बसून निघून जातं. बारटेंडर संध्याकाळी सहाला उभा राहतो आणि पहाटे घरी जातो, आणि हे ऑक्टोबरपासून मेपर्यंत.

बारटेंडरांचाच एक अभ्यास मला या विषयात सगळ्यांत बोलका वाटतो. कॅलिफोर्नियाने १९९८ साली बारमध्ये धूम्रपान बंद केलं. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरांना बंदीआधी आणि बंदीनंतर तपासलं गेलं. आधी ३९ जणांना खोकला, घरघर, धाप अशी काही ना काही तक्रार होती. बंदीनंतर थोड्याच आठवड्यांत त्यांतल्या २३ जणांची तक्रार गेली. फुफ्फुसांची क्षमताही सुधारली. ज्यांनी स्वतः सिगारेट सोडली नव्हती, त्यांनाही फरक पडला. आपल्याकडे ‘कामगार स्वतःच मागच्या दाराशी विडी ओढत उभा असतो, त्याला कसलं संरक्षण?’ असं म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य परत वाचावं. स्वतःच्या चार विड्या ही त्याची निवड आहे, चुकीची का असेना. गिऱ्हाइकांच्या चाळीस सिगारेटी त्याने निवडलेल्या नाहीत.

कॅनडात ओटावा शहरात हेदर क्रो नावाच्या बाई चाळीस वर्षं वेट्रेस होत्या. आयुष्यात सिगारेट ओढली नाही. २००२ साली त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं, आणि कामाच्या जागचा धूर हे त्याचं कारण असल्याचं कामगार भरपाई मंडळाने मान्य केलं. सरकारच्या जाहिरातींत त्या स्वतः बोलल्या, गावोगाव फिरल्या, आणि २००६ साली गेल्या. कॅनडातल्या धूम्रपानबंदीला त्यांच्यामुळे चेहरा मिळाला. आपल्याकडे असा चेहरा नाही, आणि मला वाटतं ते योगायोगाने नाही. आपला वेटर एका जागी चाळीस वर्षं राहतच नाही. दोन सीझन कळंगुटला, एक केरळला, मग क्रूझवर, मग आखातात. आजार वीस वर्षांनी येतो, तोवर चार मालक आणि तीन राज्यं बदललेली असतात. भरपाई मागायची कोणाकडे?

तर मग यंत्रणा चांगली बसवा, असं हॉटेलवाले म्हणतात. चांगल्या यंत्रणेवर माझा विश्वास नाही असं नाही, पण तिची परीक्षा कोण घेतो? दार दर मिनिटाला उघडतं, आणि प्रत्येक उघडण्याबरोबर धूर बाहेर येतो. वीज गेली आणि जनरेटरवर एक्झॉस्ट जोडलेला नसला, की दाबाचं गणित संपलं. लहान बारची स्थिती तर याहून वाईट. तिथे तिसाच्या सवलतीची खोली नसते, पण पावसाळ्यात दारं लावून स्प्लिट एसी चालू असतो आणि रात्री अकरानंतर ‘आपलीच माणसं’ म्हणून सिगारेट पेटते. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आतलीच हवा थंड करून परत सोडतो. थंडावा वाटतो म्हणून हवा स्वच्छ झाली, असा सगळ्यांचा समज असतो. इमारतींतली हवा खेळती ठेवणं हाच ज्यांचा पेशा, त्या अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या ॲशरे या संस्थेने २००५ साली लिहून ठेवलं की धुरापासूनचा धोका खरोखर नाहीसा करायचा तर आत धूम्रपान बंद करणं हाच एक मार्ग आहे. यंत्रं विकणाऱ्यांच्याच जगातून आलेलं हे मत आहे, म्हणून त्याला वजन आहे.

आता अंमलबजावणीकडे या. एखाद्याने टेबलावरच सिगारेट पेटवली तर त्याला कोण अडवणार? मालक केबिनमध्ये असतो, मॅनेजर काउंटरवर. टेबलापाशी असतो वेटर, आणि त्याची टिप त्याच गिऱ्हाइकाच्या खिशात असते. तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव मालकाने पाटीवर लिहावं, असं नियम सांगतो. म्हणजे वेटरने गिऱ्हाइकाची तक्रार आपल्याच मॅनेजरकडे करायची आणि मॅनेजरने आठ जणांच्या टेबलाचं बिल विसरून कारवाई करायची. दंड २०० रुपये. २००८ मध्ये तो दोनशे होता, आज बागा-कळंगुटच्या पबात एका कॉकटेललाही ते पुरत नाहीत. तक्रार येऊनही मालकाने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर, अशी तरतूद आहे. ती कागदावर ठीक दिसते. पण तक्रार आली पाहिजे ना!

कॅसिनोंचं वेगळं सांगायला हवं. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. आपल्या माणसांना व्यसन लागू नये, संसार बुडू नयेत, हा त्यामागचा विचार. चांगला विचार आहे. पण तोच गोमंतकीय गणवेश घालून पत्ते वाटायला, ड्रिंक न्यायला, टेबलं पुसायला मांडवीतल्या त्याच बोटींवर रात्रभर असतो. एका व्यसनापासून त्याला दारातच अडवलं जातं, दुसऱ्याच्या धुरापासून वाचवायला मात्र कोणी उभं नाही. शिवाय कायद्याची सवलत हॉटेल, रेस्टॉरंट आणि विमानतळ या तिघांनाच आहे. कॅसिनो त्या यादीत नाही. जुगाराच्या मजल्याला रेस्टॉरंट कोणत्या हिशेबाने म्हणायचं, हा प्रश्न पणजीत कोणीतरी लेखी विचारायला हवा.

शॅकवर मी इतका कडक होणार नाही. समुद्रावर मोकळी हवा आहे, माडाच्या झावळ्यांचं छप्पर, तीन बाजू उघड्या. धूर तिथे टिकत नाही आणि कायद्याने उघड्या जागेला वेगळं मानलंही आहे. मात्र अलीकडे ‘शॅक’ नावाखाली जे उभं राहतं त्याला काचा असतात, ताडपत्र्यांचे पडदे असतात, कधी एसीही असतो. ज्याला छप्पर आहे आणि ज्याच्या बाजू बंद होतात, ती बंद जागा, मग तिचं नाव काही असो. थायलंडने २०१७ साली आपल्या काही प्रसिद्ध किनाऱ्यांवरच धूम्रपान बंद केलं. आपण तिथवर जावं असं माझं म्हणणं नाही, निदान आज नाही.

थायलंडचं नाव मुद्दाम घेतलं. पर्यटनाची चर्चा निघाली की गोव्यातले व्यावसायिक पहिला आकडा थायलंडचा सांगतात: तिथे स्वस्त, तिथे व्हिसा सोपा, पर्यटक तिकडे वळला. खरं आहे. पण त्याच थायलंडने २००८ मध्ये बार आणि पबच्या आत धूम्रपान बंद केलं आणि पर्यटक तरीही तिकडेच वळले. मोरजीत येणाऱ्या रशियन पाहुण्याला त्याच्या देशात २०१४ च्या जूनपासून कॅफेत, बारमध्ये, हॉटेलात सिगारेट पेटवता येत नाही. इंग्लंडमधून चार्टर विमानाने येणाऱ्याला २००७ पासून नाही. आयर्लंडने २००४ च्या मार्चमध्ये पबमध्ये बंदी आणली, तीही कामगारांच्या आरोग्याचा कायदा म्हणून. पबशिवाय आयर्लंडची कल्पना करता येत नाही, तरी तिथले पब चालू आहेत. जो पाहुणा आपल्या घरच्या बारमधून उठून बाहेर जाऊन सिगारेट ओढतो, तो गोव्यात आल्यावर तेवढीच पावलं चालणार नाही, हे मानायला मी तयार नाही. देशी पर्यटकाविषयी असं म्हणता येणार नाही, हे कबूल. तो गोव्यात येतो तेच ‘इथे सगळं चालतं’ या समजुतीने. पण ही समजूत आपण आणखी किती खात्यांत जपणार आहोत?

डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली आणि २५ जण गेले. त्यात पर्यटक मोजके होते, बहुतेक तिथे काम करणारे, तळघरातल्या स्वयंपाकघरात गुदमरलेले. तो धूर वेगळा आणि सिगारेटचा वेगळा, दोन्हींची तुलना मी करत नाही. पण त्यानंतर इथे जी चर्चा झाली ती परवान्यांची झाली, बेकायदा बांधकामांची झाली, गोव्याच्या प्रतिमेची तर फारच झाली. तळघरात हवा कशी होती, बाहेर पडायची वाट किती रुंद होती, तिथे रोज किती माणसं किती तास उभी असायची, हे प्रश्न मागे पडले. ‘रस्त्यावर माणसं मरताहेत, आगीत मरताहेत, आणि तुम्ही सिगारेटचा धूर काय घेऊन बसलात’ असं मला कोणी म्हणेल. माझं उत्तर असं, की हॉटेलाच्या आतली जागा ही कामाची जागा आहे, हे एकदा मानलं की आगीची वाट आणि सिगारेटचा धूर हे एकाच तपासनीसाच्या वहीत येतात. आज ते कोणाच्याच वहीत नाहीत.

तपासनीसाची सोय कायद्यात आहे. व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत इजा किंवा व्यवसायजन्य आजार होईल असा धोका कामाच्या जागी राहू न देणं, हे मालकाचं कर्तव्य आहे, असं ती म्हणते. ज्याने कॅन्सर होतो हे सिद्ध आहे, तो धूर यात बसत नसेल तर काय बसतं? २०० रुपयांची पावती फाडणं हे पोलिसांचं काम समजलं जातं, आणि सीझनमध्ये पोलिसांना वाहतूक सोडून दुसरं सुचत नाही. हे काम कामगार खात्याचं व्हायला हवं. तपासणी गिऱ्हाइकाच्या हातातल्या सिगारेटची नको, मालकाने काय व्यवस्था केली त्याची हवी.

धूम्रपानाच्या खोल्यांची सवलतच काढून टाकायचा प्रस्ताव केंद्राच्या दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यात होता. २०२१ च्या सुरुवातीला त्यावर लोकांची मतं मागवली गेली, पुढे ते विधेयक मंजूर झालं नाही. केंद्राची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्राने कमला मिलच्या आगीनंतर २०१८ साली याच कायद्यात स्वतःची दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केले. कर्नाटकानेही अलीकडे दुरुस्ती करून दंड हजारावर नेला. गोवा विधानसभेलाही तसं करता येईल. त्याला वेळ लागतो, राष्ट्रपतींची संमती लागते, हे खरं. पण गोवा सरकारच्या हातात तोवर तीन परवाने आहेत: अबकारी खात्याचा बारचा, पर्यटन खात्याचा शॅकचा आणि गृह खात्याचा कॅसिनोचा. प्रत्येकाच्या अटींत एक कलम घालता येईल. छपराखाली धूम्रपान नाही, वेगळ्या खोलीतही नाही. उल्लंघन झालं तर जबाबदारी परवानाधारकाची. आणि तक्रार करणाऱ्या कामगाराचं नाव मालकाला कळू द्यायचं नाही. हे शेवटचं जमलं नाही, तर आधीच्या दोहोंना अर्थ नाही.

या सूचनेची एक अडचण मला दिसते, आणि ती हॉटेलवाल्यांनी मांडलेली नाही. लोक बाहेर येऊन ओढू लागले की बाहेर आवाज वाढतो. हणजूण-वागातोरचे रहिवासी रात्री दहानंतरच्या संगीतावरून उच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. आता पहाटे एक वाजता वीस माणसं त्यांच्या कुंपणापाशी सिगारेट ओढत गप्पा मारत उभी राहिली, तर कामगाराचा त्रास उचलून शेजाऱ्याच्या दारात ठेवल्यासारखं होईल. म्हणून ती उघडी जागा मालकाच्या आवारातच हवी, शेजाऱ्याच्या हद्दीपासून आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, तिथे टेबल-खुर्ची नको, स्पीकर नको, आणि ती कुठे असेल हे परवान्याच्या नकाशावर दाखवलेलं हवं. ज्या बारला असं आवारच नाही, त्याच्या गिऱ्हाइकाला सिगारेट ओढायला रस्त्यावर जावं लागेल. अशा बारांचं काय करायचं, हे पंचायतींना विचारून ठरवायला हवं. कळंगुटचं उत्तर आणि काणकोणचं उत्तर एकच असेल असं मला वाटत नाही.